देवाशी बोलत रडणे: ख्रिस्ती घरातील शोकासाठी काही पावले

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, परतीच्या पावसात, माझा धाकटा भाऊ वावरातून घरी येत असताना अंगावर वीज पडून गेला. दुसऱ्या दिवशी कबरस्थानात खड्डा खणला तेव्हा काळ्या मातीतून चहूबाजूंनी पाणी पाझरत होते आणि पेटी येईपर्यंत दोघे जण ते घमेल्याने उपसत उभे होते. मी पाळकाची मुलगी असल्यामुळे इतरांच्या मौतीत गीत उचलण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडेच असे, म्हणून त्या दिवशीही गीत मीच उचलले, त्याची सगळी कडवी न चुकता म्हटली, आणि माझ्या डोळ्यांतून पाण्याचा एक थेंब आला नाही. आईने मात्र सकाळी ओट्यावर हेल काढला होता, "माह्या लेकराले काहून नेलं रे देवा!" तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिच्यापुढे हात जोडून सांगितले, "बाई, असं रडू नका, आपण विश्वासातली माणसं आहोत." आई गप्प झाली आणि पुढचे कित्येक महिने गप्पच राहिली.

माझे रडणे नोव्हेंबरात आले. कापूस वेचता वेचता कमरेच्या ओटीत हात तसाच राहिला, मी पऱ्हाटीत खाली बसले आणि ज्या शब्दांसाठी आईला थांबवले होते तेच शब्द माझ्या तोंडून निघाले. त्यानंतर शास्त्र उघडून मी एकच गोष्ट शोधत राहिले, ती अशी की ज्याला आपण विश्वास कमी पडणे म्हणतो त्याला पवित्र शास्त्र काय म्हणते. जे हाती लागले आणि आमच्या लहानशा मंडळीत जे आम्ही करून पाहिले, ते येथे क्रमाने लिहिते. आज ज्यांच्या घरी मौत झाली आहे त्यांनी सगळा लेख एका बैठकीत वाचण्याची गरज नाही. पहिल्या दिवसांविषयीचा भाग तेवढा वाचावा आणि बाकीचा मागाहून.

आधी एक गैरसमज दूर करावा

शोक करू नये असे सांगणारे बहुधा थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय पुढे करतात. तेथे प्रेषित पौलाने लिहिले आहे ते असे की ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा खेद तुम्ही करू नये. हे वाक्य सावकाश वाचले म्हणजे लक्षात येते की शोकाला येथे मनाई नाही, आशा सोडून केलेल्या शोकाला आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात दगडमाराने मारल्या गेलेल्या स्तेफनाला भक्तिमान माणसांनी पुरले आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला असे स्पष्ट नमूद आहे. पुनरुत्थानाची साक्ष ज्यांच्या कानांत ताजी होती अशी ती पहिली मंडळी होती, तरी तिने टाहो फोडला. लाजाराच्या कबरेजवळ "येशू रडला" असे योहान लिहितो, आणि हे रडणे लाजाराला मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असतानाचे आहे. उद्याची आशा आणि आजचे रडणे एका माणसाच्या ठायी एकाच वेळी नांदू शकतात, याहून वेगळा पुरावा मला नको आहे.

पवित्र शास्त्रातल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. आपण रविवारी स्तुतीची स्तोत्रे निवडून वाचतो आणि हा हिस्सा वगळतो, हा दोष स्तोत्रसंहितेचा नाही.

मग अरण्यात इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा देव का रागावला, असा प्रश्न एका अभ्यासू तरुणाने मला विचारला होता. मला समजलेला फरक असा की ते लोक आपल्या तंबूंत बसून देवाविषयी एकमेकांशी बोलत होते, आणि स्तोत्रकर्ता देवाशी बोलतो. गावातल्या भांडणातही हाच भेद आपण ओळखतो. पाठीमागे बोलणाऱ्याशी नाते तुटलेले असते, दारात येऊन तोंडावर बोलणाऱ्याशी ते अजून शिल्लक असते. विलाप म्हणजे तक्रार घेऊन देवाच्याच दारात जाणे.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेल्याचे तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितले आणि विठ्ठलाशी ते किती भांडले हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. काही काळ नागपुरात राहिलेले आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत. मला वाटते, त्या पुलावरून येताना देवाशी रोखठोक बोलण्याची ती सवय आपण पलीकडेच ठेवून आलो.

पहिले काही दिवस

या दिवसांत कोणतीही मोठी आध्यात्मिक कामगिरी स्वतःवर लादू नये. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिले नाही. देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, मग पुन्हा उठवून खायला दिले, आणि देवाशी त्याचे बोलणे झाले ते त्यानंतर कित्येक दिवसांनी, डोंगरावर. आपल्याकडे मौतीच्या घरात चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे लोक भाकर, वरण, भात घेऊन येतात. तो घास नको वाटला तरी घ्यावा आणि रात्री कोणीतरी जवळ झोपावे.

हेल काढून रडणाऱ्या बाईला थांबवू नये, हे मी या लेखातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल मानते. खेड्यातल्या बायका रडताना बोलतात. गेलेल्याचे नाव घेतात, त्याने काल काय खाल्ले, मागच्या बाजाराला काय आणले, कोणाला काय म्हणाला हे सांगत सांगत रडतात. शहरातून आलेल्या नातेवाइकांना हा देखावा वाटतो. पण दाविदाने लढाईत पडलेल्या शौल आणि योनाथान यांच्यासाठी म्हटलेला विलाप, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे तो, याच घडणीचा आहे. त्यातही नाव घेणे आहे, पराक्रम सांगणे आहे, डोंगरांना शाप देणे आहे, आणि हा विलाप लोकांना शिकवावा अशी दाविदाची आज्ञा आहे. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईने त्या रडणाऱ्या बाईच्या शेजारी बसावे आणि तिचे शेवटचे शब्द हळू आवाजात आपणही म्हणावेत. तिला काही सुचवू नये.

ज्याला रडूच येत नाही त्याने घाबरू नये. मला दोन महिने आले नाही. तो कठोर झाला असे समजून त्याच्याकडे बोट दाखवू नये, आणि विश्वास भक्कम असल्याची साक्ष म्हणून त्याचे कौतुक तर मुळीच करू नये. माझे असे कौतुक झाले आणि त्यानेच मला अधिक काळ कोंडून ठेवले.

गेलेल्याचे कपडे, चपला, मोबाईल या वस्तू पहिल्या आठवड्यात कोणी हलवू नयेत. घरच्यांनी सांगितले तरच हात लावावा.

स्वतःचा विलाप तयार करणे

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नातेवाईक पांगतात, दारातला मांडव निघतो आणि घरात शांतता होते. हे पाऊल त्या वेळचे आहे. शाळेची वही घ्यावी किंवा लिहिता येत नसेल तर कोणाला तरी समोर बसवून बोलावे. आमच्याकडे आईचे शब्द माझ्या भाचीने लिहून घेतले, तिच्याच वऱ्हाडीत, आणि ते तसेच ठेवले.

नमुना म्हणून 13 वे स्तोत्र घ्यावे. ते अवघ्या 6 ओव्यांचे आहे आणि त्याची बांधणी उघड दिसते. पहिल्या 2 ओव्यांत "कोठवर" हा प्रश्न 4 वेळा येतो, पुढच्या 2 ओव्यांत मागणे आहे आणि शेवटच्या 2 ओव्यांत भरवसा आणि गायन. हाच क्रम धरून पुढे जावे.

सुरुवात हाकेने करावी. हाक साधी असावी, म्हणजे जेवणाआधी किंवा झोपताना देवाला जे नाव घेऊन आपण बोलतो तेच घ्यावे. "हे सर्वसमर्थ कृपाळू स्वर्गीय पित्या" असे मोठे संबोधन तोंडात बसत नसेल तर "बापा" पुरे आहे.

मग तक्रार. येथे बहुतेक जण अडखळतात, कारण आपल्याला सरसकट बोलण्याची सवय आहे. "आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे" हे वाक्य वर्तमानपत्रातले आहे, ते देवाला सांगण्याची गरज नाही. काय गेले ते नेमके लिहावे. माझ्या वहीत त्या दिवशी उतरले ते असे होते:

"बापा, ढग दिसताच तो निघाला होता. नाल्याच्या अलीकडे असताना वीज पडली, पाचशे पावलांवर घर होते. तुला पाचशे पावले थांबता आले नाही का? डवरणी त्याने केली, दोन निंदणं त्याने केली, आणि बोंडं फुटली तेव्हा वेचायला तो नाही. त्याची मोटारसायकल कोठ्यात उभी आहे, तिच्या आरशावर त्याची टोपी आहे, आणि आई ती काढू देत नाही. लोक म्हणतात तू जवळ आहेस. मला तू कुठेच दिसत नाहीस."

हे वाचून एका बहिणीने विचारले की देवाला असे म्हणणे पाप नाही का. मी तिला ईयोबाचे पुस्तक उघडून दाखवले. ईयोबाच्या मेंढरांवर आणि चाकरांवरही आकाशातूनच अग्नी पडला होता आणि त्याची मुले वादळाने पडलेल्या घराखाली गेली होती. पहिल्या अध्यायात तो देवाचे नाव धन्य म्हणतो, हे वाक्य आपण कबरेजवळ नेहमी वाचतो. पण तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे अनेक अध्याय देवाला जाब विचारत राहतो. शेवटच्या अध्यायात देव ईयोबाला समजवायला आलेल्या मित्रांवर रागावतो आणि माझ्याविषयी ईयोब जसे बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत असे त्यांना सुनावतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना देवाने बाजूला सारले, हे मला आजही पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते.

तक्रारीनंतर मागणे यावे, आणि तेही नेमके असावे. गेलेला माणूस परत मागता येत नाही. पण झोप मागता येते, विम्याचे आणि तलाठ्याकडचे कागद पार पडू देत असे मागता येते, त्याच्या लेकराला शाळेत कोणी टोचून बोलू नये असे मागता येते. मोठ्या मागण्यांच्या मानाने या लहान वाटतात, म्हणून त्या टाळू नयेत.

शेवटी भरवशाचा शब्द येतो, आणि येथे मी वाचकाला सावध करू इच्छिते. तो आला तरच लिहावा. नाही आला तर जागा कोरी सोडावी आणि खाली तारीख टाकावी. 88 व्या स्तोत्रात हा शब्द आलेलाच नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, त्यात उजेडाची एकच रेघ आहे, ती म्हणजे पहिल्याच ओळीत देवाला तारणारा म्हणून मारलेली हाक. शास्त्राने ते स्तोत्र जसेच्या तसे जपून ठेवले आहे. तुमचे कोरे पान त्याच्या शेजारी बसू शकते.

ज्यांना कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही त्यांच्यासाठी आणखी एक जुनी रीत आहे. यरुशलेम पडल्यावरचे विलापगीत 5 अध्यायांचे आहे, आणि त्यातले पहिला, दुसरा आणि चौथा हे अध्याय मूळ इब्री भाषेत वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत, 22 अक्षरांच्या 22 ओव्या. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला 3 याप्रमाणे 66 ओव्या आहेत. पाचव्यात 22 ओव्या आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. सगळे शहर जळाल्यावर माणसाला धरायला वर्णमाला तेवढी उरली असावी. आमच्या मंडळीत एका शिक्षकांनी पत्नी गेल्यावर क, ख, ग, घ अशी एकेका अक्षराने एकेक ओळ लिहिली. "घ" ला त्यांनी "घमेले तू दारात पालथे ठेवले होतेस, मी ते अजून सरळ केलेले नाही" असे लिहिले. याच तिसऱ्या अध्यायातले देवाच्या दया रोज सकाळी नव्या होतात हे वचन आपण भेटकार्डांवर छापतो, परंतु त्याआधीच्या वीस ओव्यांत लिहिणारा देवाने मला कोंडले, माझी वाट चिऱ्यांनी बंद केली असे म्हणत असतो. वाचायचे तर तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचावा.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

ईयोबाचे मित्र 7 दिवस आणि 7 रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चांगले केले ते एवढेच. आठव्या दिवशी ते बोलू लागले आणि पुस्तक बिघडले, असे मी थट्टेने म्हणते.

रोमकरांस पत्रात "शोक करणार्‍यांबरोबर शोक करा" असे आहे, शोक करणाऱ्यांना समजवा असे नाही. म्हणून जाताना उत्तर घेऊन जाऊ नये. "देवाची इच्छा", "देवाने काही चांगल्यासाठीच केले असेल", "तो आता चांगल्या ठिकाणी आहे", "तुला अजून दोन लेकरं आहेत ना" ही वाक्ये उंबरठ्याबाहेर ठेवावीत. "मी उद्या सकाळी बैलांना पाणी पाजून जाईन" हे वाक्य आत न्यावे. सोयाबीनची सोंगणी तोंडावर असेल तर मंडळीतल्या चार जणांनी एक दिवस द्यावा. आमच्या घरची सोंगणी अशीच झाली, आणि त्या दिवशी कोणी प्रार्थना केली की नाही ते मला आठवत नाही.

प्रार्थना करायचीच असेल तर आधी विचारावे, आणि ती लांबवू नये. पाळकांनाही हेच सांगावेसे वाटते. मूल नसलेली हन्ना मंदिरात ओठ हलवत रडत होती तेव्हा एली याजकाला ती प्यायलेली वाटली. पण तिने आपण देवापुढे मन मोकळे करत आहोत असे सांगताच त्याने आपले बोलणे मागे घेतले आणि तिला शांतीने निरोप दिला. इतके झाले तरी पुष्कळ.

पुरुषांविषयी थोडे वेगळे लिहावे लागते. आपल्याकडे बाप्या माणसाने मातीला जाऊन येताच कामाला लागावे अशी अपेक्षा असते आणि त्याचे दुःख पारावर किंवा दारूच्या दुकानात जाऊन बसते. त्याला "रड" म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्याच्यासोबत वावरात जावे, धुऱ्यावर बसावे, आणि आपल्या मेलेल्या मुलासाठी, अबशालोमासाठी, दाविदाने वेशीवरच्या खोलीत जाताना काय हंबरडा फोडला ते केव्हातरी बोलता बोलता सांगावे. राजा होता, लढाई जिंकून बसला होता आणि तरी रडला.

जेव्हा मरणाला माणसांचा हात लागलेला असतो

वीज पडून गेलेल्याच्या बाबतीत तक्रार सरळ देवाकडे जाते. आपल्या भागातली पुष्कळ मरणे तशी नसतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. कर्जाने, नापिकीने, पडलेल्या भावाने खचून किती घरे रिकामी झाली हे विदर्भाला कोणी सांगायला नको. अशा घरात "देवाची इच्छा" असे म्हणणे मला खोटे वाटते, कारण त्यामुळे ज्यांनी उत्तर द्यायला हवे ते सुटतात आणि सगळा भार देवावर जातो.

येथे रिस्पा या बाईची गोष्ट वाचावी. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात तिची दोन मुले, इतर पाच जणांसह, राजकारणात मारली जातात. तेव्हा नुकतीच सातूची कापणी लागलेली असते. ती खडकावर गोणपाट अंथरून बसते आणि आकाशातून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना त्या देहांपाशी येऊ देत नाही. तिच्या तोंडी शास्त्रात एकही शब्द नाही. ही गोष्ट दाविदाच्या कानावर जाते आणि मग त्या सर्वांच्या अस्थी गोळा होऊन त्यांना माती मिळते. कापणीपासून पावसापर्यंत म्हणजे किती, हे शेतकऱ्याला बोटांवर मोजता येते. मदतीच्या अर्जासाठी तहसीलला चकरा मारणाऱ्या विधवेसोबत मंडळीतल्या कोणी जाणे हाही त्या गोणपाटावर बसण्याचाच प्रकार आहे, आणि उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना करताना त्या चकरांचा उल्लेख करायला लाजू नये.

आत्महत्येने गेलेल्याच्या घरी शोक आणखी दाबला जातो, कारण शरम असते आणि तो तरला की नाही अशी कुजबुज असते. दफनविधी पूर्ण करावा, नाव मोठ्याने घ्यावे, नेहमीची गीते म्हणावीत. कॅथलिक मंडळीच्या 1917 च्या धर्मविधीसंहितेत अशा व्यक्तीला दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. 1983 च्या संहितेत ती राहिली नाही. देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे. त्याच्या शेवटाविषयी निवाडा सांगणे आपले काम नाही. मरण किंवा जीवन आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे करू शकत नाही हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले वचन तेथे वाचावे. अशा घरातल्या माणसांच्या विलापात गेलेल्यावरचा रागही येतो, "मले टाकून कसा गेलास" असा. तो राग येऊ द्यावा, कोणी कानावर हात ठेवू नयेत.

मुलांशी काय बोलावे

श्रद्धांजलीच्या फलकांवर "जो आवडतो सर्वांना तोचि आवडे देवाला" असे लिहिलेले असते. माझ्या भावाच्या सहा वर्षांच्या मुलाने ते दुसरीतल्या एका मुलाकडून वाचून घेतले आणि रात्री आपल्या आईला विचारले की तू देवाला आवडतेस का. तेव्हापासून तो फलक आम्ही उतरवून ठेवला. मुलांना "झोपले", "गावाला गेले" असे सांगू नये. बाबा मेले, त्यांचे शरीर आपण मातीत ठेवले, ते आता श्वास घेत नाहीत, येशू त्यांना उठवील असा आपला विश्वास आहे आणि तोवर आपल्याला त्यांची आठवण येणार आहे, इतके सरळ सांगावे. कबरेवर मूठभर माती टाकायची असेल तर टाकू द्यावी.

नातेवाईक, तेरवी आणि वाद

खेड्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांचे निम्मे सोयरे हिंदू किंवा बौद्ध असतात, आणि तेराव्या दिवशी काय करायचे यावरून दुःखातले घर रणांगण होते. तेरवीचे विधी करायचे की नाहीत हे पाळकांशी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच बोलून ठरवावे, आणि जे ठरेल ते घरातल्या एकाच माणसाने सर्वांना सांगावे. आमच्याकडे त्या दिवशी प्रार्थनासभा झाली, आल्या गेल्याला जेवण झाले आणि मोठ्या मावशीने आपल्या रीतीने अंगणात दिवा लावला, त्याला कोणी हात लावला नाही. मेलेल्या माणसावर प्रेम करणाऱ्यांना एका अंगणात रडता आले पाहिजे. शिकवणीतले फरक पुढच्या महिन्यातही तेथेच असतात.

मंडळीच्या उपासनेत

ज्या आठवड्यात मौत झाली त्या रविवारी उपासनेची सुरुवात टाळ्यांच्या गीताने करू नये. विलापाचे एक स्तोत्र मंडळीने मिळून, सावकाश, पूर्ण वाचावे, आणि मग घड्याळ लावून 2 मिनिटे गप्प बसावे. पहिल्यांदा लोक खाकरतात, कोणीतरी "हालेलुया" म्हणून शांतता मोडतो, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी जमते. कोणाला आपला लिहिलेला विलाप वाचायचा असेल तर वाचू द्यावा आणि त्यानंतर लगेच उत्तरादाखल वचन सांगू नये. नाताळच्या आठवड्यात, जेव्हा गावभर चांदण्या लागतात आणि ज्यांच्या घरी लागलेली नाही ते उपासनेलाही येत नाहीत, तेव्हा अशा घरांसाठी एक संध्याकाळची लहान सभा ठेवावी. बेथलेहेमच्या गोष्टीत मारल्या गेलेल्या लेकरांसाठी आकांत करणारी राहेल मत्तयाने घातलीच आहे. आपण ते वचन नाताळच्या नाटकातून गाळतो एवढेच.

वर्षभर, आणि मदत केव्हा घ्यावी

शोकाला मुदत घालू नये. तरी अहरोनासाठी आणि मोशेसाठी इस्राएलाने 30 दिवस शोक केला असे शास्त्रात आहे, म्हणून महिनाभर तरी घरच्यांकडून मंडळीच्या कोणत्याही कामाची अपेक्षा नसावी. पुढे पोळा येतो, वाढदिवस येतो, पहिला कापूस बाजारात जातो, आणि दुःख नव्याने उठते. हे मागे घसरणे नव्हे.

मात्र काही खुणा वेगळ्या ओळखाव्यात. कित्येक आठवडे झोप आणि अन्न जवळपास सुटले असेल, माणूस अंथरूण सोडत नसेल, दारू वाढत असेल, किंवा "मीही त्याच्याजवळ जातो" असे बोलणे येत असेल, तर प्रार्थना चालू ठेवून त्याच दिवशी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि त्याला एकटे सोडू नये. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. फवारणीची औषधे अशा घरातून उचलून दुसरीकडे ठेवावीत. डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास सोडणे असे कोणी म्हणाले तर त्याला एलीयाची भाकर आठवून द्यावी.

वर्षातून एकदा कबरेवर जाण्याचा दिवस घरच्यांनी ठरवावा. काही मंडळ्यांत तो 2 नोव्हेंबर असतो, काहींत ईस्टरची पहाट. जाताना विळा न्यावा, कारण पावसाळ्यानंतर गवत गुडघ्यापर्यंत येते, आणि पाण्याचा डबा न्यावा. आम्ही गवत कापतो, खचलेल्या काळ्या मातीवर दोन घमेली मुरूम टाकतो, आणि मी 13 वे स्तोत्र वाचते. पहिल्या वर्षी चौथ्या ओवीपाशी आईने हाताने खूण केली आणि म्हणाली, "अजून नाही." मी पुस्तक मिटले. दुसऱ्या वर्षीही तेथेच थांबलो. यंदा तिने पाचवी ओवी वाचू दिली, सहाव्याला तीच खूण केली, आणि आम्ही विळा धुऊन घरी आलो.